मुदतीचा पट्टा

ठाण्याच्या तटबंदीचा पाया खणीत असता 1787 साली शिलाहार राजा अरिकेसरी याचे ताम्रपट हाती लागले, ही हकिकत इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. शके 939, म्हणजे इसवी सन 1017, हा त्यांचा काळ. तांब्याच्या अशा पत्र्याला संस्कृतात 'पट्ट' म्हणतात, आणि असल्या दानपत्रांत चंद्रसूर्य असेतोवर दान चालावे अशी मुदत घालण्याचा प्रघात असे. पुढे महसुलाच्या दफ्तरात 'पट्टा' हा शब्द जमिनीच्या मक्त्याच्या कागदाला चिकटला, आणि मुदत माणसाच्या आवाक्यात आली. आज वागळे इस्टेटीत किंवा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत भूखंड घेणाऱ्याला औद्योगिक विकास महामंडळ पट्टा करून देते तो 95 वर्षांचा असतो. मला ज्या पट्ट्याविषयी लिहावयाचे आहे तो याहून फारच अल्पायुषी. तो रबराचा आहे, अंगठ्याएवढा रुंद आहे, आतल्या अंगाला त्याला दात आहेत, आणि त्याची मुदत साधारणपणे 60 ते 80 हजार किलोमीटर किंवा चार-पाच वर्षे, यांपैकी जे आधी भरेल ते. मुदत उलटली तरी जमिनीचा पट्टेदार अर्जविनंत्या करीत वर्षानुवर्षे जागा धरून बसू शकतो. रबराचा पट्टा मात्र कोणतीही नोटीस न देता, भर रस्त्यात, धन्याला बेदखल करतो.

या पट्ट्याला सर्वत्र 'टायमिंग बेल्ट' म्हणतात, आणि त्याला दुसरे नाव शोधण्याचा खटाटोप मी करणार नाही. ज्यांचे पोट त्याच्यावर चालते त्यांनी तो शब्द पत्करला आहे, एवढे पुरे. माझ्या कुतूहलाचा विषय निराळा आहे. वस्तू मोडली म्हणजे दुरुस्त करावी, मोडेपर्यंत तिला हात लावू नये, हा आपल्या गृहस्थीचा आणि तितकाच आपल्या मिस्त्रीमंडळींचा पिढीजात कायदा. तो ठाणे-कल्याण परिसरात केव्हा आणि कोणत्या यंत्रामुळे ढिला पडला, याचा माग काढता काढता मी कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका बंद पडलेल्या मोटार-कारखान्यापाशी येऊन पोहोचलो.

तत्पूर्वी थोडे मागे जावे लागेल. पट्टा ही वस्तू या मुलखाला नवी नव्हती. ठाण्यात 1925 साली रेमंडची लोकरीची गिरणी उभी राहिली, मोहोने आणि शहाड येथे पुढे रेयॉनचे कारखाने आले, आणि या सर्वांच्या आधीपासून मुंबईच्या कापडगिरण्यांत ठाण्या-कल्याणची माणसे कामाला जात होतीच. त्या काळच्या गिरणीत छताखालून एक लांबलचक लोखंडी दांडा फिरत असे आणि त्यावरून चामड्याचे किंवा कॅनव्हासचे सपाट पट्टे खाली एकेका यंत्रावर उतरत. खेड्यापाड्यांतील पिठाच्या गिरणीत हेच दृश्य छोट्या प्रमाणावर दिसे. मुरबाड-शहापूरकडे वीज पोहोचण्यापूर्वी ऑइल इंजिनाच्या धुराड्याची ठक्-ठक् ऐकूनच गिरणी चालू असल्याचे गावाला कळे, आणि दळण घेऊन आलेली मुले त्या सळसळणाऱ्या पट्ट्यापासून चार हात दूर उभी केली जात. पट्टा सैल झाला की गिरणीवाला त्याच्या आतल्या बाजूला राळ फाशी. तुटला तर सांधा पुन्हा शिवून किंवा क्लिपा मारून तो अर्ध्या तासात परत चढवी. जात्यात खडा अडकला तर पट्टा चाकावरून घसरे, क्वचित उतरून खालीही पडे, आणि त्या घसरण्यामुळेच जाते, दांडा आणि इंजिन ही तिन्ही वाचत. सपाट पट्ट्याचा सारा सद्गुण घसरण्यात होता, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

मोटारीच्या इंजिनाला नेमका हाच गुण परवडत नाही. इंजिनाच्या खालच्या दांड्याने, म्हणजे क्रँकने, दोन फेरे घेतले की वरच्या कॅमने एक घ्यावा, कमी नाही की अधिक नाही. त्या हिशेबाने व्हॉल्व्ह उघडावे, मिटावे, आणि डिझेल इंजिनात इंधनाच्या पंपाने नेमक्या क्षणी फवारा सोडावा. हा ताळमेळ राखण्याचे जुने उपाय दोन होते. ट्रकांच्या अवजड इंजिनांत दातेरी चाके एकमेकांत अडकवलेली असत, आणि ती बहुधा इंजिनाइतकीच जगत. फियाट आणि अँबॅसेडर या, दोन पिढ्यांना पुरलेल्या मोटारींत साखळी असे. साखळी झिजते, लांबते, पण ती मुकी नाही. ती आधी कुजबुजते, मग खडखडते, आणि मिस्त्रीने बॉनेटवर कान ठेवून "साखळी बोलतेय" असे म्हटल्यानंतरही महिना-दोन महिने निमूट काम देते. ठाण्या-कल्याणच्या गॅरेजांतील विद्या ही अशी कानांची विद्या होती. यंत्र तक्रार करील, आपण ती ऐकू आणि मग पाना उचलू, हा त्या विद्येचा पाया.

दातांच्या पट्ट्याचा जन्म मोटारीसाठी झालाच नाही. अमेरिकेतील यू. एस. रबर कंपनीच्या गिल्मर विभागात रिचर्ड केस यांनी 1940 नंतरच्या दशकात तो सिद्ध केला, तो शिवणयंत्रासाठी. वरची सुई आणि खालची बॉबिन यांची गाठ प्रत्येक टाक्याला अचूक पडावी, एवढीच त्यापासून अपेक्षा. ज्या उल्हासनगरात घरोघरी शिवणयंत्रे चालतात त्या गावापासून दोन-तीन मैलांवर बसून हे लिहिताना मला या योगायोगाची मौज वाटते. तेथून हा पट्टा मोटारीत शिरला. बव्हेरियातील ग्लास नावाच्या छोट्या कंपनीने 1962 साली आपल्या 1004 या गाडीत तो बसवून बाजारात आणला. 1966 साली फियाटने 124 च्या स्पोर्ट गाडीच्या दुहेरी कॅमच्या इंजिनाला तो दिला. आणि 1976 साली फोक्सवॅगनने छोट्या गोल्फ गाडीत डिझेल इंजिन घातले तेव्हा कॅम आणि इंधनपंप ही दोन्ही ओझी एकाच रबरी पट्ट्याच्या गळ्यात घातली. पट्टा हलका होता, स्वस्त होता, तेल मागत नव्हता आणि आवाज करीत नव्हता. तो आवाज करीत नव्हता, हे वाक्य वाचकाने जरा ध्यानात ठेवावे.

परदेशी गाड्यांतला हा पट्टा आपल्याकडे मात्र सहजी येणारा नव्हता. विदेशी वस्तू कल्याणच्या बंदरात उतरण्यास प्रतिबंध असणे, ही काही स्वतंत्र भारताच्या परवाना-राज्याने काढलेली युक्ती नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचा उल्लेख 'कॅलिएना' असा येतो, आणि त्या बंदरात चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहारा देऊन भडोचला रवाना केली जात, असे त्यात नमूद आहे. अर्वाचीन काळी शिवडीला जनरल मोटर्सने 1928 साली सुरू केलेला गाड्या जुळविण्याचा कारखाना, केवळ जुळवाजुळव करणाऱ्यांना थारा देऊ नये असे सरकारी धोरण ठरल्यावर, 1954 साली बंद झाला, आणि मैदान देशी कारखानदारांना मोकळे राहिले. त्यांत सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही अग्रगण्य. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून 1947 साली पहिली वाहने बाहेर पडली, पुढे फियाट आली, आणि तिचेच नाव सत्तरीच्या दशकात पद्मिनी झाले. 1954 नंतरची चाळीसएक वर्षे परदेशी गाडी म्हणजे आखातातून कायमचे परतणाऱ्याने घरसामानाबरोबर आणलेली, वकिलातीच्या विक्रीतून फिरत आलेली, किंवा संस्थानिकाच्या तबेल्यातून निघालेली. तिच्या इंजिनात पट्टा असला तरी तो बदलण्याची विद्या एखाद्या-दुसऱ्या मिस्त्रीपुरतीच राहिली. जुन्या परदेशी गाड्यांच्या आयातीचा दरवाजा 2001 साली किलकिला झाला तोही तीन वर्षांहून जुन्या नसलेल्या, उजव्या बाजूला स्टीअरिंग असलेल्या आणि मुंबई बंदरातूनच येणाऱ्या गाड्यांपुरता.

त्यामुळे पट्ट्याची डिझेल गाडी या परिसरातील मध्यमवर्गाच्या अंगणात आली ती जहाजातून नव्हे, तर शेजारच्या कारखान्यातून. 1991 नंतर परकीय भागीदारीला मोकळीक मिळताच प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोशी संधान बांधले आणि कल्याणच्या आपल्या कारखान्यात 1994 पासून प्यूजो 309 ही गाडी जुळवावयास प्रारंभ केला. ही गाडी जन्मतःच थोडी पोरकी होती. युरोपात ती टॅलबॉट या नावाखाली निघावयाची होती. ते नाव मोडीत काढण्याचे ठरल्याने तिला ऐनवेळी प्यूजोचा छाप आणि क्रमात न बसणारा आकडा मिळाला. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ राइटन येथे 1985 साली ती प्रथम निघाली, 1993 मध्ये युरोपातील तिचे उत्पादन संपले, आणि तिकडे तिचे दिवस भरल्यावर इकडे आपल्याकडे बारसे झाले. सुटे भाग पेट्यांतून येत, गाडी येथे जुळे. म्हणजे नोंदणीच्या दफ्तरात ती देशी आणि मिस्त्रीच्या दृष्टीने ती इम्पोर्टेड, अशी तिची दुहेरी जात.

पण तिच्या डिझेल आवृत्तीतील 1527 घनसेंटीमीटरचे इंजिन अस्सल होते. प्यूजोचा डिझेलवरील हात जुना. त्याच घराण्याचे इंजिन आपल्याकडे महिंद्राच्या जीपमधून आधीच फिरत होते. पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरांत सरकारने वर्षानुवर्षे राखलेली तफावत, जी 2010 साली पेट्रोल आणि 2014 च्या ऑक्टोबरात डिझेल नियंत्रणमुक्त होईपर्यंत टिकली, ती मनात धरून डोंबिवलीचे किती तरी नोकरदार तेव्हा डिझेल गाडीचा हिशेब मांडीत: लिटरमागे किलोमीटर, किलोमीटरमागे पैसे. या हिशेबाच्या वहीत एक रकाना मात्र कोणी आखला नव्हता, तो पट्ट्याचा.

डिझेल इंजिनात इंधन पेटते ते ठिणगीने नव्हे, दाबाने. त्यासाठी हवा वीस-बावीस पटींनी चेपावी लागते, म्हणून पिस्टन वर आल्यावर त्याच्या माथ्यावर जागा जेमतेम उरते. पट्टा शाबूत असेतो व्हॉल्व्ह त्या अरुंद जागेतून वेळेवर माघार घेतात. पट्टा तुटला की कॅम जागच्या जागी थबकतो, जे व्हॉल्व्ह उघडे असतील ते तसेच उघडे राहतात, आणि गतीने वर येणारा पिस्टन त्यांच्यावर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी कॅमही मोडतो. साखळीच्या शाळेत शिकलेल्या मिस्त्रींना हा अनुभव सर्वस्वी अपूर्व होता. गाडी सकाळी धड निघाली, शिळफाट्याच्या चढावर अलगद बंद पडली, ना धूर ना खडखडाट; ढकलून गॅरेजात आणली, आणि स्टार्टर मारला तर इंजिन नेहमीच्या ओढीने नव्हे, रिकाम्या शिलाईयंत्रासारखे हलके गरगरले. जाणत्याने तो हलका आवाज ऐकूनच हात खाली घेतला. "हेड गेलं," एवढेच तो म्हणाला. जे यंत्र कधी बोलले नाही त्याचे ऐकणार काय?

येथून त्या जुन्या कायद्याला तडा गेला. डोळ्यांना धडधाकट दिसणारा, न चिरलेला, न फाटलेला पट्टा केवळ त्याचे किलोमीटर भरले म्हणून कापून टाका आणि नव्याचे पैसे द्या, हे गिऱ्हाइकाच्या गळी उतरविणे हेच मिस्त्रीचे खरे कसब ठरू लागले. गिऱ्हाईक साहजिकच संशय घेई. कल्याणच्या एका वयोवृद्ध मिस्त्रीने मला आपला युक्तिवाद ऐकविला होता, तो त्याच्याच शब्दांत देतो: "काका, साखळी भांडखोर बायको आहे, रोज ओरडेल पण घर सोडणार नाही. हा पट्टा गरीब दिसतो, हा एक दिवस न सांगता जाईल." उपमेतील स्त्रीविषयक मताशी मी सहमत नाही, हे त्यालाही सांगितले; यंत्राविषयीचे मत मात्र बिनतोड होते.

हा पट्टा बदलण्याचे काम मी डोंबिवली पूर्वेच्या एका गॅरेजात सकाळपासून दुपारपर्यंत स्टुलावर बसून पाहिले आहे. गाडी एका निवृत्त गृहस्थांची, 1996 सालची, कल्याणच्या एम. एच. 05 क्रमांकाची. इंजिन आदल्या रात्रीपासून थंड ठेवलेले, कारण ऊन इंजिनावर पट्टा ताणला तर तो थंडीत ढिला निघतो. उजवे चाक उतरवले, जॅकवर लाकडाचा ठोकळा ठेवून इंजिनाला खालून आधार दिला, वरचा माउंटिंग सोडवला, आणि काळी प्लॅस्टिकची झाकणे काढल्यावर तो पट्टा दिसला. खरोखरच निर्दोष दिसत होता. मिस्त्रीने तो बोटांत धरून उलटा दुमडला, तेव्हा दातांच्या बुडाशी केसासारख्या चिरा उघडल्या आणि सोडताच मिटल्या. क्लोरोप्रीन रबर, त्यात काचेच्या धाग्यांचे पीळ, वर कापडाचा थर: वयाची खूण लपविण्यात ही रचना मोठी तरबेज. एका कडेला तेलाचा ओशटपणा होता. तेल हे रबराचे विष, म्हणून क्रँकचे सील आधी बदलावे लागणार हे तेथेच ठरले. पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर फिरतो, सबब तोही याच खेपेस.

मग खुणा जुळविण्याचे काम. कारखान्याच्या नियमाप्रमाणे तीन चाके कुलूपबंद करावी लागतात: खालचे फ्लायव्हील, वरचे कॅमचे चाक आणि इंधनपंपाचे चाक. त्यासाठी परदेशात पिनांचा खास संच मिळतो. या मिस्त्रीचा संच म्हणजे ड्रिलच्या बोथट टोकाचा एक दांडा आणि आठ नंबरचे बोल्ट. फ्लायव्हीलच्या भोकात दांडा बसेपर्यंत पोऱ्या क्रँकला पाना लावून इंजिन केसाकेसाने फिरवीत होता आणि मिस्त्री डोळे मिटून, दांड्याच्या टोकाशी बोट ठेवून, "आण... आण... बस्" म्हणत होता. 'बस्' म्हणताक्षणी टक् असा आवाज आला. या साऱ्या कामातला ऐकण्याजोगा आवाज तेवढा एकच.

नव्या पट्ट्याची कथा वेगळीच. संप, मंदी आणि भागीदारांतील बेबनाव यांनी 309 चा संसार तीन-चार वर्षांतच आटोपला. 1997 च्या सुमारास प्यूजोने येथून काढता पाय घेतला, आणि कल्याण-शीळ रस्त्यावरचा कारखाना निपचित पडला. आज तेथे टोलेजंग इमारती आहेत, आणि 'प्रीमियर'चे नाव उरले आहे ते सभांच्या मैदानापुरते. गाडी गेली, कंपनी गेली. मग भाग आणावे कोठून? येथे दैव अनुकूल झाले. मारुतीने आपल्या झेन आणि एस्टीम या गाड्यांच्या डिझेल आवृत्त्यांसाठी प्यूजोचे हेच इंजिन घेतले होते. त्यामुळे ऑपेरा हाऊसच्या किंवा कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडच्या दुकानात '309' म्हटल्यावर ज्या दुकानदाराने मान हलविली असती, तोच 'झेन डिझेलचा बेल्ट द्या' म्हटल्यावर खोका काढून देई. तरीही शहाणा मिस्त्री खोक्यावर विसंबत नसे. दुकानाच्या फळीवर बसूनच तो जुन्या पट्ट्यावर खडूची रेघ मारी, नखाने एकेक दात मोजी, मग नव्याचे मोजी, आणि आकडा जुळला तरच खिशात हात घाली. नकली मालाचे भय होतेच. उल्हासनगरच्या मालावर 'मेड इन यू. एस. ए.' लिहिलेले असते आणि त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद आमच्याकडे तीन पिढ्या चालला आहे. फाळणीत सर्वस्व गमावून 1949 साली वसविलेल्या छावणीतून ज्यांनी उद्योगनगरी उभारली त्यांच्यावर तो थोडा अन्यायकारकच, पण पट्टा घेताना मिस्त्रीला तो आठवे खरा.

दात जुळले. पट्टा चाकांवर चढविताना तो कोठेही पिळू नये, त्यावर पाना टेकू नये, याची पोऱ्याला तीनदा ताकीद मिळाली. टेन्शनर ताणला, दांडा आणि बोल्ट काढले, आणि मिस्त्रीने इंजिन हाताने पुरते दोन फेरे फिरवून पुन्हा दांडा घातला. तो पुन्हा बसला. एक दात जरी इकडेतिकडे झाला असता तर बसला नसता. हे दोन फेरे आळसाने टाळणारा कारागीर पुढे हेडचे पैसे भरतो, असे या धंद्यात मानतात. वागळे इस्टेटीतील यंत्रशाळांत व्हॉल्व्ह बसवून घेण्यास आलेल्या हेडांपैकी कितीएक या टाळलेल्या फेऱ्यांची असावीत, असा माझा कयास आहे.

अशा गाड्या आता विरळ. नोंदणीची पंधरा वर्षे सरल्यावर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचे, त्यावर पर्यावरण कर, आणि दर खेपेस परिवहन कार्यालयात तपासणी. पद्मिनीची शेवटची टॅक्सीदेखील 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. नव्या गाड्यांच्या कित्येक इंजिनांत साखळी परत आली आहे, आणि विजेवरच्या गाडीत तर ताळमेळ राखण्याजोगे व्हॉल्व्हच नाहीत.

काम आटोपल्यावर मिस्त्रीने काळ्या झाकणाची आतली बाजू फडक्याने पुसली. तेथे पांढऱ्या रंगात तीन ओळी होत्या, तीन निरनिराळ्या हस्ताक्षरांतल्या, प्रत्येकीत तारीख आणि किलोमीटर. सर्वांत वरची पुसट झाली होती. चौथीसाठी खाली जागा नव्हती, म्हणून त्याने ती कडेने उभी लिहिली. मालकांनी खिशातून डायरी काढली. नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख ज्या पानावर होती त्याच पानावर, तिच्याखाली, त्यांनी झाकणावरची तारीख उतरवून घेतली, दोहोंमध्ये किती महिन्यांचे अंतर पडते ते बोटांवर मोजले, आणि मग पोऱ्याला जुना पट्टा मागितला. तो मागच्या चाकाशी पडला होता. पोऱ्याने तेवढ्यात त्या पट्ट्याने जॅकचा दांडा बांधून ठेवला होता.